भुलीच्या मॅडम

कुठलंही तान्हं लेकरू समोर आलं की मॅडम आधी त्याच्या टाळूवर दोन बोटं ठेवायच्या. अगदी हलकेच, लोण्यावर ठेवावीत तशी. आईबापांना वाटायचं, डॉक्टरीणबाई आशीर्वाद द्यायल्यात. एखादी आजी लगबगीनं डोक्यावर पदर घ्यायची आणि स्वतःच वाकायची.

मॅडम हसायच्या. "आशीर्वाद न्हाई, आज्जी. अंगात पाणी किती हाय ते बघायलेय. टाळू खोल गेली की लेकरू सुकलंय म्हणायचं. सुकल्या लेकराला भूल देता येत न्हाई."

"आसंल बाई. तरी बी ठेवा की अजून एकदा हात."

मॅडम पुन्हा हात ठेवायच्या.

कलबुर्गीच्या त्या दवाखान्यात मी ऑपरेशन थिएटरची सिस्टर होते, अजून आहे. लहान मुलांची ऑपरेशनं आमच्याकडे फार. आळंद, बसवकल्याण, बीदर, पार औरादपासून लोक कापडात गुंडाळलेली लेकरं घेऊन येतात. मॅडम त्या लेकरांना भूल द्यायच्या. दारावरच्या पाटीवर 'भूलतज्ज्ञ' लिहिलेलं होतं, पण तो शब्द कुणाच्या जिभेवर बसत नाही. सगळ्यांच्या तोंडी 'भुलीच्या मॅडम'. मूळच्या औरादच्या, त्यामुळं मराठी, कन्नड, तेलुगू आणि आपली इकडची हिंदी, चारही भाषा एकाच वाक्यात यायच्या. माझं माहेर आळंदकडचं निंबर्गा. त्या माझ्याशी मराठीत बोलायच्या, पण रागावल्या की कन्नडमध्ये. "मराठीत रागावलं की घरचं भांडण वाटतंय, सिस्टर," म्हणायच्या.

तुम्हीही कधी थिएटरच्या दाराबाहेर बसला असाल. सर्जन बाहेर आला की सगळे उठून उभे राहतात, कुणी पाया पडतं, नंतर पेढे येतात. त्याच्या मागून एक ठेंगणी बाई मास्क खाली ओढत निघून जाते, तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. पेढ्यांचा पुडा सर्जन सरांच्या टेबलावर जायचा. मॅडम त्यातला एक उचलायच्या, अर्धा मला द्यायच्या.

"लेकरानं श्वास घेतला त्याचा अर्धा पेढा," म्हणायच्या. "कापल्याचा अख्खा."

मोठ्या माणसाला भूल देणं आणि चार दिवसांच्या जिवाला देणं यात फार अंतर आहे. तान्ह्याची श्वासनळी गव्हाच्या काडीएवढी. औषधाचा थेंब इकडचा तिकडे झाला तर काळीज बसतं. त्या काळात आमच्याकडे श्वासातून द्यायच्या भुलीची दोन औषधं होती, एक जुनं, एक नवं. मॅडमनी त्यांना सासू आणि सून अशी नावं ठेवली होती.

"सासू हळू येती, हळू जाती," नव्या नर्सेसना त्या शिकवायच्या, "पण मधीच लेकराच्या काळजावर हात ठेवती, ठोका मंद करती. तिच्यावरची नजर काढायची न्हाई. सून झटकन येती, झटकन जाती. काळजाला तिचा तेवढा जाच न्हाई. पण जाताना लेकराला असं रडवून जाती की आईला वाटतं, काय केलं ह्यांनी माझ्या बाळाला."

"मग चांगली कोणती, मॅडम?"

"ज्या घरात जी नांदंल ती."

तिसरा मार्गही होता. दिवस भरायच्या आधी जन्मलेलं अगदी अशक्त लेकरू असलं, ऑपरेशन लहान आणि बेंबीच्या खालचं असलं, तर त्या सासूसुनेपैकी कुणालाच बोलवायच्या नाहीत. मी लेकराला दुमडून धरायची, त्या पाठीच्या कण्यात केसासारखी सुई घालायच्या. लेकरू जागंच राहायचं, कमरेखालचं अंग तेवढं बधिर. मग साखरेच्या पाण्यात बुडवलेलं बोट त्याच्या तोंडात देऊन मॅडम उभ्या. सर्जन सर कुरकुरायचे, "मॅडम, हे माझ्याकडे बघायलंय."

"बघू द्या की. कोण कापायलंय त्येला बी कळू द्या."

मॅडमना एक सवय होती, आणि ती सवयच त्यांना भोवली. त्या खोटा धीर देत नसत. "काही होणार नाही," हे वाक्य आम्ही दिवसातून कितीदा म्हणतो! त्यांच्या तोंडून मी ते कधी ऐकलं नाही. कुणी विचारलं, "मॅडम, धोका तर न्हाई ना?" की त्या चष्मा काढायच्या, पदरानं पुसायच्या आणि म्हणायच्या, "न्हाई म्हणता येत न्हाई. पण मी उठून कुठं जाणार न्हाई."

बसवकल्याणकडच्या कोहिनूर गावची एक पोरगी आमच्याकडे आली ती जन्माच्या दुसऱ्या दिवशी. तिला शी करायची जागाच नव्हती. पोट ढोलकीसारखं फुगलेलं. आई तालुक्याच्या दवाखान्यात बाळंत होऊन तिथंच पडलेली, बाप एकटाच पोरीला घेऊन आला होता. शेती करणारा, पंचविशीतला, बोलता बोलता स्वतःच्या हाताकडे बघणारा माणूस. असल्या लेकराची तीन ऑपरेशनं करावी लागतात. आधी पोटावर तात्पुरती वाट काढायची, मग काही महिन्यांनी खरी जागा तयार करायची, मग पोटावरची वाट बंद करायची. तीन ऑपरेशनं म्हणजे तीनदा भूल, आणि तीही वर्षाच्या आत.

त्या दिवशी नव्या औषधाची बाटली संपली होती, हैदराबादहून यायची होती. पोरगी थांबण्यासारखी नव्हती. मॅडमनी जुनं वापरलं. निम्म्या ऑपरेशनात मशिनवरचा ठोक्यांचा आवाज लांबायला लागला. टिक... टिक... आणि मग मधे नुसतीच शांतता.

"सर, हात थांबवा," मॅडम म्हणाल्या. आवाज अजिबात चढवला नाही. औषध बंद केलं, इंजेक्शन दिलं, नुसता प्राणवायू दाबत राहिल्या. त्यांचा अंगठा पोरीच्या छातीवर होता. थोड्या वेळानं आवाज पुन्हा जवळ जवळ येत गेला. सरांनी काम पुरं केलं. पोरगी रडली.

बाहेर आल्यावर मॅडमनी बापाला सगळं सांगितलं. मधे काळीज मंद झालं होतं, औषध देऊन सावरलं, आता ठोके चांगले आहेत.

आत आल्यावर सर म्हणाले, "हे सांगायची काय गरज होती? पोरगी सुखरूप आहे ना!"

"लेकरू त्यांचं हाय, सर."

पुढची दोन ऑपरेशनं नव्या औषधावर नीट झाली. पोरगी आईच्या काखेत हसत घरी गेली. नाव भाग्यश्री ठेवलं, घरात भागू. आम्ही तिला विसरलो. दवाखान्यात विसरलं नाही तर दुसऱ्या दिवशी काम करता येत नाही.

तीनेक वर्षांनी भागूचा बाप पुन्हा आला, या वेळी गावातली चार माणसं घेऊन. पोरगी चालत होती, खेळत होती, पण बोलत नव्हती. अंगणवाडीच्या बाईनं सांगितलं होतं, डोक्यानं कमी दिसते. आणि कुणीतरी त्याला फोनवर दाखवलं होतं की तान्हेपणी भूल दिली की लेकराचा मेंदू बिघडतो.

"तवा तुमीच म्हणला होतात काळीज बंद पडलतं म्हणून," तो मॅडमना म्हणाला. "तुमच्या वासानं माझी पोरगी मुकी झाली. कामून दिला तसला वास?"

मोठे साहेब, म्हणजे दवाखान्याचे मालक, धावत आले. त्यांनी मॅडमना बाजूला घेतलं. मी तिथंच होते. "काही संबंध नाही, एवढंच म्हणा. एक वाक्य. पुढचं मी बघतो."

मॅडम परत त्या माणसासमोर येऊन बसल्या. चष्मा काढला.

"अण्णा, मोठमोठ्या लोकांनी हे तपासलंय. एकदा, थोडा वेळ भूल दिलेली लेकरं पुढं बाकीच्यांसारखीच वाढत्यात, असं दिसलंय. पण तुमच्या पोरीला तीनदा दिली. एकदा ठोका बी मंद झालता. तिच्या बाबतीत त्यानं काहीच झालं न्हाई, असं मला छातीवर हात ठेवून सांगता येत न्हाई. झालं असं बी म्हणता येत न्हाई. पोरगी मला बघू द्या."

पुढचं कुणी ऐकलंच नाही. 'सांगता येत नाही' याचा अर्थ लोक काय घेतात ते तुम्हाला ठाऊक आहे. आरडाओरडा झाला, खुर्ची आपटली, कुणीतरी मोबाईलवर सगळं टिपलं आणि चार दिवस ते सगळ्या कलबुर्गीत फिरत राहिलं. मोठ्या साहेबांनी मॅडमना गोड शब्दांत सांगितलं की काही दिवस येऊ नका. ते काही दिवस संपलेच नाहीत.

सामान न्यायला आल्या तेव्हा मी म्हणाले, "मॅडम, एक वाक्य तर होतं."

"व्हय," त्या म्हणाल्या. "म्हणले असते तर पोरीला घेऊन ते गप घरी गेले असते. आणि पोरगी मुकीच राहिली असती."

मला तेव्हा ते नीट कळलं नाही.

पुढच्या रविवारी त्या कोहिनूरला निघाल्या आणि मी सोबत गेले. एकटीला जाऊ द्यायला मन धजेना. बसमध्ये शेजारच्या बाईनं विचारलं, "कुणाच्या घरी, अक्का?" मॅडम म्हणाल्या, "ओळखीच्यांच्या." मग खिडकीबाहेर तुरीची शेतं बघत बसल्या. हातात रुमाल होता, त्याला पीळ देत होत्या.

भागूच्या बापानं आम्हाला पाहिलं आणि तो घराबाहेर निघून गेला. आई दारात उभी होती. तिनं क्षणभर त्याच्या पाठीकडे बघितलं आणि म्हणाली, "या. उन्हाचं आलाव, पाणी तर प्या."

भागू अंगणात मातीत काडीनं रेघा ओढत बसली होती. गोरीपान, तरतरीत, डोळ्यांत खट्याळपणा. मॅडम तिच्यासमोर उकिडव्या बसल्या. तिनं लगेच काडीचा एक तुकडा मोडून मॅडमच्या हातात दिला. मॅडमनी एक रेघ ओढली, तिनं शेजारी तशीच ओढली. मॅडमनी गोल काढला, तिनंही काढला आणि त्यात दोन डोळे घातले.

"ही डोक्यानं कमी?" मॅडम स्वतःशीच पुटपुटल्या.

तेवढ्यात दारावरून एक ट्रॅक्टर गेला. कर्णकर्कश हॉर्न वाजवत, मागं गाणी लावून. कोंबड्या फडफडत छपरावर गेल्या, दावणीचं वासरू उसळलं, मी दचकून पाणी सांडलं. भागूनं मान वर केली नाही. ती गोलाला केस काढत होती.

मॅडम हळूच उठल्या. पोरीच्या मागं गेल्या आणि पितळी ताटावर तांब्या आपटला. मग कानाच्या अगदी जवळ आपटला. भागू काढतच राहिली.

आई म्हणाली, "ती ऐकती ओ. कुणी दाणदाण चालत आलं की बघती."

"जमीन हलती ती कळती तिला," मॅडम म्हणाल्या. "माय, तुझ्या पोरीचं डोकं चांगलं हाय. तिला ऐकूच येत न्हाई गं."

आईनं भागूकडे बघितलं. मग म्हणाली, "म्हणजे मी एवढी अंगाई म्हणत होते ती..." आणि तोंडावर पदर धरून भिंतीला टेकली.

कलबुर्गीला तपासणी झाली. दोन्ही कान जवळजवळ बंद. बाप आता खाली मान घालून मॅडमच्या शेजारी बसला होता. त्यानं विचारलं, "जन्मापासनं का?"

"सांगता येत न्हाई, अण्णा. असल्या लेकरांच्या कानात कधी जन्मताच दोष असतोय. न्हाईतर तेव्हा पोटातलं इन्फेक्शन वाढू नये म्हणून जे कडक इंजेक्शन दिलतं, त्यानं बी कान जाऊ शकतात. ते दिलं नसतं तर पोरगी राहिली नसती."

"मग तुमच्या भुलीनं न्हवं?"

मी डोळ्यांनीच मॅडमना विनवलं, आता तरी नाही म्हणा. आता तर सगळं तुमच्या बाजूनं आहे.

"भुलीनं कान जात न्हाईत," त्या म्हणाल्या. "तेवढं पक्कं. बाकी ती शाळेत गेल्यावर कळंल. मी बघत राहीन."

त्या माणसानं त्यांचे दोन्ही हात धरले आणि हातांवर कपाळ टेकून रडला. मॅडमनी हात सोडवून घेतले नाहीत. दवाखान्यातून मात्र कुणी त्यांना परत बोलवायला गेलं नाही. फोनवरचं ते भांडण सगळ्यांनी बघितलं, त्यानंतरचं कुणी बघितलं नाही. भूल द्यायला एक तरुण डॉक्टर आले होते. हुशार, हसतमुख, हात चांगला. जुनं औषध तोवर बंदच झालं होतं. नवीन मुलींना सासूसुनेची गोष्ट सांगायचं मी एकदा करून पाहिलं, पण त्यांनी सासू पाहिलीच नव्हती.

मॅडम इकडेतिकडे लहान दवाखान्यांत बोलावतील तेव्हा जायच्या. तान्ही लेकरं मात्र तिथं येत नसत. हर्नियाचे म्हातारे, पोटाच्या ऑपरेशनांच्या बायका. एकदा भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "सिस्टर, मोठ्या माणसांना भूल देताना लई एकटं वाटतंय. ती आधी बोलत्यात, मग गप होत्यात. लेकरं कशी, गप करून ठेवली तरी हाताला कळत राहत्यात."

भागूला कानातली यंत्रं बसली आणि बोलायला शिकवायचा क्लास सुरू झाला, कलबुर्गीतच. आठवड्यातून दोनदा तिची आई कोहिनूरहून तिला घेऊन यायची. मॅडम स्टँडवर आधीच येऊन उभ्या असायच्या. तिघी मिळून जायच्या. चार वर्षं काहीच न ऐकलेल्या लेकराला एकेक शब्द हातानं भरवावा लागतो. पाणी. पाऊस. ताट. शब्द म्हणायचा, वस्तू दाखवायची, तिनं ओठांकडे बघायचं, पुन्हा म्हणायचं. शंभरदा, तरी तोंडातून निघेल ते निम्मंच. ल म्हणता येत नसे, र तर नाहीच. मॅडमना ती 'म्याम' म्हणायला लागली त्या दिवशी त्यांनी मला दवाखान्यात फोन केला आणि नुसता फोन भागूच्या तोंडापुढं धरला.

एकदा क्लासच्या बाहेरच्या बाकावर बसलो होतो. मी सहज म्हणाले, "मॅडम, एवढ्या लेकरांना तुम्ही सांभाळलंत. आता कितीतरी शाळेत जात असतील. रस्त्यात समोरून गेली तरी तुम्हाला ओळखायची नाहीत."

"ओळखू नये," त्या म्हणाल्या. "त्यांना मी आठवले असते, तर माझी भूल कच्ची म्हणायची की."

आणि हसल्या. मी त्या हसण्याकडे बघत राहिले. चेहरा उतरला होता, पायांवर सूज दिसत होती. विचारलं तर म्हणाल्या, दाखवते कधीतरी.

गेल्या उन्हाळ्यात त्या औरादला भावाच्या घरी गेल्या होत्या. सकाळी ओसरीवर चहा घेत बसल्या होत्या, भावजय बशी न्यायला आली तर मान कलली होती. कपातला चहा अजून कोमट होता.

मला निरोप आला तेव्हा आम्ही थिएटरमध्ये होतो. टेबलावर आळंदकडचं एक महिन्याचं लेकरू होतं, दूध उलटून टाकणारं. तरुण डॉक्टरांनी भूल छान दिली. लेकरू छान उठलं, खूप रडलं. मी ते त्याच्या आईच्या हातात दिलं आणि तशीच स्टँडवर गेले.

औरादला पोचेपर्यंत दुपार टळली होती. अंगणात मांडव घातला होता. पांढऱ्या कपड्यांतली माणसं बसली होती, बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींपुढं मेणबत्त्या लावलेल्या. भंतेजी त्रिशरण म्हणत होते. माणसं बेताचीच. भाऊबंद, शेजारी, औरादच्या शाळेतले एक म्हातारे गुरुजी. सर्जन सर आले होते, ते मागं एकटेच उभे होते, चपला हातात घेऊन. मॅडम मधोमध निजल्या होत्या. चष्मा काढलेला, म्हणून चेहरा ओळखीचा वाटत नव्हता.

खांबाशी भागूची आई बसली होती, मांडीवर भागू. कोहिनूरहून औराद म्हणजे बीदर जिल्ह्याचं एक टोक ते दुसरं टोक. तीन बस बदलून माझ्याही आधी पोचली होती. बाप बाहेर लाकडं उतरवणाऱ्यांना हात लावत होता.

मी तिच्याजवळ जाऊन बसले. तिनं माझा हात धरला.

"सिस्टर, हिला कसं सांगावं कळंना," ती हलक्या आवाजात म्हणाली. "सारखी उठवायला निघालीय. आमी हिला एवढे शब्द शिकवले, पण मरण हा शब्द कुणी शिकवलाच न्हाई. क्लासच्या बाईनं बी न्हाई, मॅडमनी बी न्हाई."

"मग काय सांगितलंस?"

"गेली म्हणलं. त्यो येतोय तिला. स्टँडवर मॅडमनीच शिकवलाय. बस दाखवून. गेली, आणि आली."

भागूनं माझा पदर ओढला. तिला माझा चेहरा आपल्याकडे हवा होता. मी वळले. तिनं मांडवाच्या मधोमध बोट दाखवलं.

"म्याम गेयी," ती म्हणाली.

"व्हय, बाळा. गेली."

तिनं मांडवाकडे पुन्हा बघितलं. कपाळाला आठ्या पडल्या. पुढचा शब्द तिनं सगळ्या तोंडानं, मोठ्या कष्टानं जुळवला.

"आयी?"

आईनं मान खाली घातली. भंतेजींचा आवाज चालू होता. भागूनं माझ्या हनुवटीला हात लावला, माझं तोंड नीट आपल्यासमोर धरलं, आणि माझ्या ओठांकडे बघत राहिली.